भिंगरीचं नाक

कल्पना करा, शाळेतून आल्यावर तुम्ही रोज एका खुर्चीवर बसताय. हलायचं नाही, खाजवायचं नाही. का? तर तुमची आत्या तुमचं चित्र काढतेय. आणि एके दिवशी तुमच्या डोळ्यांदेखत ती तुमचं नाकच पुसून टाकते! कसं वाटेल?

भिंगरीला अगदी तस्संच वाटलं.

"आत्या! माझं नाक!"

"जरा जास्तच नाक दिसत होतं गं," चिंधीला हात पुसत आत्या म्हणाली.

आत्याची रीतच तशी. आधी माणूस हुबेहूब रंगवायचा आणि मग बोथट सुरीने तो खरवडत जायचं. बघणाऱ्यांपैकी एकाला चित्रात माणूस दिसला आणि दुसऱ्याला नुसते रंग दिसले, की चित्र झालं! सगळ्यांचं एकमत झालं, तर चित्र फसलं.

पण भिंगरीने टकळीला सांगून ठेवलं होतं, "प्रदर्शनात माझं चित्र लागणार!" टकळी म्हणजे तिची जाड चष्मेवाली मैत्रीण. तिला कळलं म्हणजे अख्ख्या वर्गाला कळलं. ती उद्या बघायला येणार, आणि चित्रात भिंगरीचा पत्ताच नाही!

तेवढ्यात फ्रेमवाला माप घ्यायला आला. त्याने ते मोठं थोरलं चित्र भिंतीला टेकवलं.

"काय दिसतंय?" आत्याने विचारलं.

"किटली आहे ना, ताई?"

शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "किटली कुठली? डोंगर आहे तो. हा काय उतार!"

"मी किटली आहे?" भिंगरी रडकुंडीला आली.

आत्याचाही चेहरा पडला. माणूस एकालाही दिसला नव्हता. तिने बारका ब्रश भिंगरीच्या हातात दिला. "घे बाई. तुझं नाक तूच काढ."

भिंगरी कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन गुलाबी रंग कालवू लागली. इतक्यात आजोबा चाचपडत आत आले. चष्मा सापडत नव्हता. चित्रासमोर थबकून ते कडाडले, "पुन्हा पोक काढून बसलीस? ताठ बस आधी! आणि माझा चष्मा कुठे टाकलास?"

चित्र गप्प.

"तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस?"

"आजोबा, मी इकडे आहे!" भिंगरी कोपऱ्यातून ओरडली.

आजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मग ही कोण?"

आत्या पोट धरधरून हसायला लागली. भिंगरी ब्रश तसाच हातात घेऊन चित्रासमोर आली. काकूंचा डोंगर म्हणजे तिचीच वाकलेली पाठ होती. आणि किटलीचा कान? गुडघ्याला मिठी मारलेला तिचाच हात!

"काढतेस ना नाक?" आत्याने विचारलं.

भिंगरीने ब्रश स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला. मग धावत जाऊन टकळीला फोन लावला.

"उद्या नक्की ये हं. आणि ऐक, चित्रासमोर आलीस की आधी चष्मा काढ."