शेंदराखालचे आकडे

मित्रांनो, मी एक जुना दगडी खांब आहे. मोहन्याजवळ उल्हास नदीच्या काठावर उभा आहे. माझी उंची दोन मीटर. अंगावर आठ ते दहा मीटरचे आकडे कोरलेले आहेत. उतारावर माझ्याखाली आणखी चार खांब होते. पाणी वाढेल तसे एकेकाने मोजायचे. सगळ्यांत वरचा मी. साडेआठवर माझी लाल रेघ. पाणी तिला टेकण्याआधी खालच्या वस्तीने घरे सोडायची, म्हणून ती आखलेली.

मला घडवले कुंडलिक पाथरवटाने. प्रत्येक खूण त्याने तीनदा मोजली, मगच छिन्नी लावली.

नदी माझ्याहून फार जुनी. कल्याण बंदरात दूरदेशीची गलबते येत आणि इथल्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, हे मी ऐकलेले. पाहिले ते एवढे: भातखाचरे, रेतीच्या होड्या, कारखान्यांचे भोंगे आणि शहरांकडे पाणी नेणारे जाडजूड नळ. गावे नदीने वसवली, शहरे नदीने वाढवली, आणि त्यांचे सांडपाणीही तिनेच पोटात घेतले. हल्ली उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसत नाही.

पाटबंधारे खात्याचे मोजणीदार उत्तम रोज सकाळी आठला येत, पावसाळ्यात तासातासाला. वाकून आकडा वाचत, वहीत लिहीत. “याच्याइतका खरं बोलणारा आमच्या खात्यात नाही,” असे ते म्हणत.

मग पुलावर यंत्र बसले. आकडा थेट कार्यालयात दिसू लागला. उत्तम निवृत्त झाले. माझे खालचे भाऊ भरावात गाडले गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पूर माझ्या पायथ्याला लागून मागे फिरला. काठावर भाजी पिकवणाऱ्या हौसाबाईंनी ते पाहिले. त्यांचे घर खालच्या वस्तीत. दुसऱ्या दिवशी त्या शेंदूर आणि तेल घेऊन आल्या. “देवा, तूच अडवलंस.” मग हार आले, नारळ आले, मंगळवारी रांग लागू लागली. दहा वर्षांत थरावर थर चढला आणि आकडे बुजले. मी सगळाच लाल झालो. त्या लालात लाल रेघ कुठे गेली, कोणाला कळले नाही. खरे सांगतो मित्रांनो, सुरुवातीला मला बरे वाटले.

गेल्या जुलैत एका सकाळी पाणी झपाट्याने चढले. पुलावरचे यंत्र मात्र तीन तास एकच आकडा दाखवत राहिले. खात्यातली तरुण अभियंता समीक्षा शंका येऊन धावत आली. उत्तमकाकांना तिने सोबत आणले होते. पाणी माझ्या अंगावर चढलेले पाहून तिने कार्यालयात साहेबांना फोन लावला.

“सर, वस्ती खाली करायला लागेल.”

“आकडा किती?”

“खूप वाढलंय सर, गुडघ्यापर्यंत...”

“अगं, चारशे माणसं उठवायची आहेत. गुडघा कोणाचा, तुझा की माझा? आकडा दे.”

उत्तम किल्लीने शेंदूर खरवडू लागले. हौसाबाई पाण्यातून धावत आल्या.

“उत्तमभाऊ, हात काढा! देव आहे तो.”

“देव कसला बाई? पाणी मोजायचा गेज आहे. तीस वर्षं आकडे घेतलेत मी याच्याकडनं.”

“तुम्हाला आकडे दिले, आम्हाला घर दिलं. दहा वर्षांत पाणी उंबऱ्याला शिवलं नाही.”

“मावशी, आज शिवेल,” समीक्षा म्हणाली. “किती वेळ हातात आहे, तेवढंच मला याला विचारायचंय.”

हौसाबाईंनी वस्तीकडे पाहिले. मग कमरेचे खुरपे काढले.

“सरका. मी चढवलाय, मीच उतरवीन. माफ कर रे बाबा.”

“जपून हां, आकडा खरवडेल.”

“दहा वर्षं न्हाऊ घातलंय ह्याला. मला नका शिकवू.”

पापुद्रे पाण्यात पडत गेले. दगड उघडा पडला तसे उत्तम वाकले. “आठ पूर्णांक चार. लाल रेघेला जेमतेम पाच बोटं कमी.”

समीक्षाने आकडा कळवला. दुपारपर्यंत वस्ती उंचावरच्या शाळेत पोचली. दोन वाजता हौसाबाईंच्या घरात छातीभर पाणी होते. आत माणूस एकही नव्हता.

यंदाच्या पावसात हौसाबाई पुन्हा आल्या. मला वाटले, आता शेंदूर. त्यांचे हात अर्धे जोडलेही गेले. मग त्या खाली बसल्या, पदराने चिखल पुसला आणि समीक्षाला फोन लावला. “आठला टेकलंय, वर नाही. तुझं यंत्र काय म्हणतंय?”

मित्रांनो, नदीचेही तसेच आहे. तुम्ही तिला हात जोडता, निर्माल्याची पिशवी तिच्यात सोडता आणि पाठ फिरवता. एकदा वाकून तिच्या पाण्याचा रंग पाहा, वास घ्या. ती काहीच लपवत नाही. आणि मला तुम्ही नुसता दगड म्हणालात तरी चालेल. आकडा तेवढा उघडा ठेवा.