ठराव क्रमांक सात

भल्लांनी जुनं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "पढ़िए. लिखावट आप ही की है, गुणवंतजी."

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. अक्षर त्यांचंच होतं, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं घोटलेलं. गच्चीवर कोणाही एका घरासाठी कायमचं काही बांधू वा बसवू नये. तेव्हा ते दिल्लीच्या द्वारकेतल्या या सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि भल्लांना म्हाताऱ्या आईला थंडीत उन्हात बसवण्यासाठी गच्चीवर काचेची खोली करायची होती.

आज भल्ला अध्यक्ष होते, आणि गुणवंतराव सोलर पॅनेलची परवानगी मागत होते. त्यांच्या पत्नीचा, सुमित्राबाईंचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालायचा. जूनमध्ये वीज दोन-दोन तास जाई, इन्व्हर्टर पाऊण तासात मान टाकी. पॅनेलवाला गच्ची बघून हळहळला होता. एवढं ऊन नुसतं फुकट चाललंय म्हणाला. बॅटरी जोडली की मशीनची काळजी नको.

कीर्तनात बुवा सांगत, सूर्यनारायण राजाच्या अंगणात पसाभर जास्त ओतत नाही. गुणवंतराव दर वेळी मान डोलवत. गच्चीला ठराव असतात, हे त्या निरूपणात कधी आलं नव्हतं.

ठराव बदलता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील, भल्ला म्हणाले. ठराव झाला त्या सभेत गुणवंतरावांनी हेच वाक्य उच्चारलं होतं.

"मुझसे ग़लती हुई थी, भल्लासाहब."

"ग़लती कैसी? नियम तो अच्छा है." भल्लांच्या आवाजात राग नव्हता. "माँ तीन सर्दियाँ और रहीं. नीचे ही."

गुणवंतराव जिना उतरले. घरात वीज गेलेली होती. सुमित्राबाई नाकात नळी घेऊन उशांना टेकून बसल्या होत्या.

"कधी गेली गं?"

"झाली वीसेक मिनिटं." त्या थांबल्या, श्वास घेतला. "अहो, काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"देतील. देवमाणूस आहे."

त्यांनी "हो" म्हटलं. इन्व्हर्टरवरचा पंखा बंद केला, दिवा बंद केला. मशीन तेवढं चालू ठेवलं. खिडकीबाहेर समोरची भिंत उन्हाने पांढरी झाली होती. पलंगाच्या कडेला बसून ते अर्जाच्या फाइलीने सुमित्राबाईंना वारा घालू लागले.