अनुभवाचा दाखला

वायू मोजायच्या मीटरची नळी टाकीच्या दारातून आत सोडून सुवर्णा आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होती, तेवढ्यात पुंजाबाबांनी तिच्या कोपराखालून पत्र्याचा डबा पुढे सरकवला. डब्यात पणती जळत होती. लांब तारेच्या टोकाला अडकवलेला तो डबा त्यांनी बेताबेताने पार आतल्या चोथ्यापर्यंत ढकलला. पणती जळतच राहिली. मीटर मात्र किंचाळायला लागलं.

“बाबा, किती वेळा सांगितलं? इथे दिवा आणायचा नाही. आत दारूची वाफ असते. भडका उडाला म्हणजे?”

“उडाला का? नाय ना?” पुंजाबाबांनी डबा बाहेर ओढला आणि फुंकर मारून पणती विझवली. “दिवा चांगला जळतोय. मंग तुझं डबडं का वरडतंय?”

चार नंबरच्या टाकीतली लाल वाइन काल संध्याकाळी काढून झाली होती. तळाला उरला होता गुडघाभर द्राक्षांचा चोथा. तो काढायचा म्हणजे माणसाने फावडं घेऊन त्या लहानशा दारातून आत शिरायचं. द्राक्षं आंबताना जो वायू निघतो तो जड असतो, तळाशी दबा धरून बसतो, आणि त्याला ना रंग ना वास. दिंडोरीजवळच्या या वाइनरीत पुंजाबाबा अठरा वर्षं टाक्यांत उतरत होते. त्यांचे वडील तिकडे पेठच्या डोंगरात विहिरी उपसायचे. विहिरीत उतरायच्या आधी दिवा सोडायचा. विझला तर उतरायचं नाही, जळला तर देवाचं नाव घ्यायचं. एवढी एकच विद्या बापाने दिली होती, आणि ती अजून तरी खोटी ठरली नव्हती.

दिवा जळत असला तरी आतला माणूस पडू शकतो, हे सुवर्णाला माहीत होतं. का पडतो, ते मात्र नीट सांगता येत नव्हतं. पाच दिवसांच्या सुरक्षा प्रशिक्षणात तिने हाच प्रश्न विचारला होता. शिकवणारे गृहस्थ घड्याळाकडे बघून म्हणाले होते, “ते वरच्या कोर्सला असतं, मॅडम. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा, मीटर वाजलं की माणूस बाहेर.” बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं म्हणून तिला अंदाज बांधता यायचा. पण तिच्या अंदाजाने पुंजाबाबांचा अठरा वर्षांचा दिवा थोडाच विझणार होता!

“मीटर म्हणतंय म्हणून नाही जायचं,” ती म्हणाली.

“मीटर मनतंय ते आयकू आलं. तू काय मनतीस?”

सुवर्णाने नळी आतच राहू दिली. तिने मोठा पंखा दारापाशी लावून घेतला, दोन तास तरी हवा खेळू द्यायला सांगितली आणि ती ऑफिसकडे निघाली. फाटकाशी द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले तीन ट्रॅक्टर टाक्या रिकाम्या व्हायची वाट बघत उभे होते, पहिला चार नंबरसाठी. फेब्रुवारी असूनही बाराचं ऊन चटके देत होतं.

तो वरचा कोर्स तिच्या डोक्यात दोन महिने घोळत होता. एक वर्षाची सुरक्षेची पदविका, नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत, दर शनिवार-रविवार. अर्जाची शेवटची तारीख आजची, संध्याकाळी पाचपर्यंत. बाकी कागद पिशवीत होते. राहिला होता फक्त अनुभवाचा दाखला: देखरेखीच्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, पदाच्या उल्लेखासह. तिची इथे सहा वर्षं झाली होती.

कागद जमवले म्हणजे ठरलं होतं असं मात्र नाही. घरी झेंडूचा मळा, आणि शनिवार-रविवार म्हणजे हारांची गर्दी. सासूबाई, अंबूबाई, काल सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या होत्या, “मी बाजारात बसून तीस वर्सं झाली. किती शिकलीस म्हणून एकानंबी इचारलं नाय मला. फुलं ताजी हायेत का, एवढंच इचारत्यात.” नवरा राज त्यापुढे गेला होता. “आज काही झालं तर साहेब निस्तरतील. तू ती पदविका घेतलीस की कायद्याने तुझी मान अडकली. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?”

राजचं म्हणणं सुवर्णाला पटलं होतं. रात्रभर पटत राहिलं होतं. सकाळी निघताना तिने कागदांची पिशवी घेतली ती निव्वळ सवयीने.

ऑफिसात चैतालीने दाखला तयार ठेवला होता. ही मुलगी कामाला तत्पर आणि बोलायला त्याहून तत्पर. पण आज तिने तो कागद उलटा करून पुढे सरकवला.

“ताई, मी रेकॉर्डवर आहे तेच लिहिलंय हं. मला बदलता येत नाही.”

सुवर्णाने कागद सुलटा केला. “श्रीमती सुवर्णा राज पिंगळे या आमच्याकडे सहा वर्षांपासून मदतनीस (साफसफाई) या पदावर कार्यरत आहेत.”

तिने तो दोनदा वाचला. मग नकळत तिचा हात डोक्यावरच्या पिवळ्या हेल्मेटकडे गेला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षा पर्यवेक्षक’ लिहिलेलं होतं. परदेशी खरेदीदारांची माणसं तपासणीला आली की तिला पुढे उभं करायचे, तिचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे. टाकीत माणूस सोडायच्या प्रत्येक परवान्यावर सही तिची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते काही उगाच नाही.

“आधी मलाही वाईट वाटलं,” चैताली आवाज खाली आणून म्हणाली. “पण ताई, एका अर्थी बरंच आहे. उद्या काही झालंच, तर तुमच्यावर काही येणारच नाही. तुमच्या सहीला तसा अर्थच नाही ना.”

सुवर्णा खुर्चीत बसली. सहा वर्षांत तिने किती परवान्यांवर सह्या केल्या असतील? त्या सहीकडे बघून पुंजाबाबा आत शिरायचे. आपण नाही म्हटलं तर कुरकुर करत का होईना, थांबायचे. ते सगळं ज्याच्यावर उभं होतं ती सही एका झाडूवालीची होती, आणि ही गोष्ट या इमारतीत तिच्याखेरीज बहुतेकांना ठाऊक असावी. राजला वाटत होतं, शिकलीस तर अडकशील. ती तर साधी अडकण्याच्या लायकीचीही नव्हती. तिला आधी लाज वाटली आणि मग असा राग आला की कान तापले.

“पण यायला पाहिजे ना,” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्यावर. काही झालं तर माझ्यावर यायलाच पाहिजे. त्याशिवाय मी ‘नाही’ म्हणते त्याला किंमत काय?”

 असली मागणी करायला ऑफिसात आजवर कुणी आलेलं नव्हतं.

उत्पादनप्रमुख देवव्रत प्रयोगशाळेत उभा होता. हातात ग्लास, कानाला फोन. माणूस वाईट नव्हता. हंगामात तो घरी जेवायचंही विसरायचा आणि दिवाळीला प्रत्येकाच्या हातात स्वतः मिठाई द्यायचा. त्याने फोन ठेवला आणि सुवर्णाने कागद टेबलावर ठेवला.

“अच्छा, हे,” तो म्हणाला. “अहो, तुम्ही आलात तेव्हा ती पोस्ट मंजूर नव्हती. मग त्या हेडखाली घेतलं आणि ते तसंच राहून गेलं. टेक्निकल आहे हो.”

“सहा वर्षं राहून गेलं?”

“करू ना दुरुस्त. हंगाम संपू दे. आधी चार नंबरचं परमिट द्या, बाहेर माल तापतोय.”

“मी आज सही करणार नाही, सर.”

“म्हणजे?”

“साफसफाईच्या मदतनिसाने टाकीत माणूस सोडायची परवानगी द्यायची नसते. कुठल्याच टाकीत.”

देवव्रतने ग्लास खाली ठेवला. खिडकीतून ट्रॅक्टर दिसत होते, आता चार झाले होते. त्याने ते मोजले असावेत. मग त्याने दार लोटलं आणि आवाज बदलला.

“ठीक आहे. सुरक्षा पर्यवेक्षक, अनुभव सहा वर्षं. आत्ता लिहून देतो, तुम्ही पाचच्या आत अर्ज भरा. तुम्ही ते काम केलंय, त्यात खोटं काहीच नाही. पण इतकी वर्षं तुम्हाला भलत्या पदावर ठेवलं हे मी लेखी कबूल करणार, वर जाब देणार, तर मलाही काहीतरी हवं ना. चारचं परमिट आत्ता द्या. पुंजाचा दिवा जळत होता, मला कळलंय.”

“आकडा अजून खाली आलेला नाही. दोन तास पंखा चालला पाहिजे.”

“पंधरा मिनिटांचं काम आहे. आजवर कधी काही झालंय का?”

सुवर्णाने खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. ती सहा वर्षं तिची होती. प्रत्येक हंगाम, प्रत्येक आकडा, पुंजाबाबांशी घातलेला प्रत्येक वाद. कुणाच्या मेहेरबानीची नव्हे, हक्काची. आणि हा माणूस तिचीच वस्तू तिला विकत होता. घ्यावी का? पंधरा मिनिटं. कदाचित खरंच काही झालं नसतं. बहुतेक वेळा होतच नाही.

ती वळली.

“मग आजची तारीख टाका.”

“कसली?”

“नेमणुकीची. सुरक्षा पर्यवेक्षक, आजपासून. मागचं काही लिहू नका, म्हणजे तुम्हाला कुणाला जाब द्यावा लागणार नाही. फक्त एक ओळ घाला. टाकीत माणूस सोडायचा की नाही, हे मी ठरवणार.”

“अहो, यंदाचा प्रवेश जाईल तुमचा. दोन वर्षांचा अनुभव व्हायला अजून दोन वर्षं लागतील!”

“लागू देत. दोन वर्षांनी करीन. पण करीन.”

“आणि परमिट?”

“पत्र हातात आलं की बाकीच्या टाक्यांचं लगेच बघते. चार नंबरचं दोन वाजता, आकडा उतरला तर.”

देवव्रतने पेन उचललं. दिवसभर एकही टाकी न उघडण्यापेक्षा एक टाकी दोन तास बंद राहिलेली परवडली, एवढा हिशेब त्याला कळत होता. तो लिहायला बसला. सही करताना थांबला.

“सुवर्णा मॅडम, तुम्हाला कळतंय ना? यापुढे काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल.”

“तेच मागतेय, सर.”

ती पत्र घेऊन टाकीपाशी आली तेव्हा पुंजाबाबा सावलीत बसून तंबाखू मळत होते. मीटरचा आकडा उतरत होता, पण सावकाश.

“बाबा, दोन वाजेपर्यंत आत जायचं नाही. हे मीटर नाही म्हणत, मी म्हणतेय. दिवा जळतो तरी माणूस का पडतो, ते मला अजून धड सांगता येत नाही. शिकून आले की सांगते.”

“कवा?”

“तीन वर्षं लागतील.”

“तवर मी रिटायर व्हईन की.” त्यांनी चिमूट ओठात सोडली आणि पाय पसरले. “बरं. बसतो मंग.”

फाटकाकडून भिका तावातावाने आला. सकाळपासून उभ्या असलेल्या पहिल्या ट्रॅक्टरचा तो चालक होता. त्याच्या हातात फोन होता आणि फोनमधला माणूस थांबायचं नाव घेत नव्हता.

“मालक लय तापलाय, मॅडम! माल चांदवडपासून आणलाय, असा उन्हात मारायला का? कुनी थांबवलं, इचारतोय. काय सांगू? सायबांनी?”

“नाही. मी.”

“तुमी?” भिकाने तिच्याकडे, मग ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. “नाव सांगा मंग. त्याला शिव्या द्यायला कुनाचं तरी नाव लागंल.”

सुवर्णाने पूर्ण नाव सांगितलं आणि त्यापुढे पदही सांगितलं. भिकाने ते फोनमध्ये जसंच्या तसं मोठ्याने म्हणून दाखवलं. पलीकडचा आवाज आणखी चढला.

“आणा इकडे,” ती म्हणाली आणि फोनसाठी तिने हात पुढे केला.