पूर्ण समाधानी

इंदरगंजच्या आमच्या दुकानावरची पाटी बदलली, पण माझी जागा बदलली नाही. नऊ वर्षं मी शर्टांच्याच काउंटरवर. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली आणि रोज सकाळी टाळ्या वाजवत ‘हम एक हैं’ म्हणायचा हुकूम आला. टाळ्या वाजवतानाही डोक्यात एकच घोळत असे: असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी आहे. नव्या नियमाप्रमाणे पंचेचाळिशीनंतर बढती नाही, आणि मला पंचेचाळीस पूर्ण व्हायला तीनच महिने होते. रात्री झोप लागेना.

तेवढ्यात फॉर्म आले. शेवटचा प्रश्न होता, ‘सध्याच्या पदावर आपण समाधानी आहात का?’ खाली कर्मचारी क्रमांक लिहायचा. माणसं कमी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे माझ्याकडे आले. मी सर्वांत जुना ना! मी छाती फुगवून सांगितलं की नाराज दिसाल तर आधी तुमचाच नंबर लागेल.

साड्यांच्या काउंटरवरच्या शालिनीताई तेवढ्या अडल्या.

"मल्हारराव, मी तर झूठ नाही लिहिणार. सहा साल झाले साड्यांच्या घड्या करते आहे. मला पुढे जायचं आहे."

"नोकरी प्यारी नाही का तुम्हाला?"

"आहे ना! म्हणूनच तर."

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्या फॉर्मवर ‘पूर्ण समाधानी’ लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

तीन आठवड्यांनी हेड ऑफिसचे साहेब लाडवांचे डबे घेऊन आले. समाधानात आमचं दुकान पहिलं आलं होतं आणि कोणाचीही नोकरी जाणार नव्हती. मग त्यांनी शालिनीताईंना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर शर्टांची एकच रांग तीनदा लावली. त्या असिस्टंट मॅनेजर होऊनच बाहेर आल्या. मला राहवलं नाही. न बोलावता आत घुसलो आणि माझं काय म्हणून विचारलं.

साहेबांनी माझा फॉर्म काढला.

"मल्हारराव जी, जो जहाँ खुश है, उसे हम वहीं रखते हैं. आपने तो दो बार लकीर भी खींची है."

आता घाबरून खोटं लिहिलं म्हणू? शालिनीताईंचा राग आला नाही. स्वतःचाच आला, थोबाडीत मारून घ्यावी इतका. आणि मी एकटा थोडाच होतो! तीस जणांना मी जागच्या जागी खिळवून ठेवलं होतं. त्यांना अजून पत्ताच नव्हता.

बाहेर बिलिंगचे मानसिंगराव लाडू घेऊन उभे होते. पाच वर्षं तेही बढतीची वाट पाहताहेत.

"मल्हारराव, तुम्ही बचावलंत हो आम्हाला!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी त्यात लाडू कोंबला.