पहिलं बक्षीस : शिलाई मशीन

रत्नागिरीच्या बाजारात महिनाभर मला सगळे 'पहिलं बक्षीस' म्हणत. खरं तर मी एक शिलाई मशीन. पायाने चालवायची, काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी.

चिंतामणी शेटांच्या कापडाच्या दुकानात मी आले ती विकायला नव्हे. रस्त्यापलीकडे मोठं दुकान उघडलं होतं आणि शेटांची जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळत होती. सून सुमेधा म्हणाली, "बाबा, दिवाळीला बक्षीस योजना लावू. प्रत्येक खरेदीवर एक कूपन."

"कापड चांगलं असलं की माणसं येतात गो," शेट म्हणाले. पण माणसं येत नव्हती. शेवटी झेंडूची माळ घालून मला दर्शनी काचेआड उभं केलं.

गर्दी झाली! लोक टॉवेल घेताना टॉवेलकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. दोन परकर हवे असलेली बाई दोनदा येई, कूपनं दोन मिळावीत म्हणून.

सगळ्यांत जास्त वेळा आल्या तुळसाबाई, मिरकरवाड्याला मासे विकणाऱ्या. कधी रुमाल घेत, कधी पंचा. हात पदराला पुन्हा पुन्हा पुसून मगच दुकानाच्या आतल्या बाजूने माझ्या चाकाला बोट लावत.

"माजी सून रुचिरा शिवणकाम शिकलीय," त्या सुमेधाला सांगत. "मशीन लागली तर घरीच ब्लाउज शिवंल. मासळीच्या कारखान्यात बर्फात हात घालायला नको तिला."

सुमेधा त्यांचं नाव कूपनावर लिहून देई आणि त्याच नावाची चिठ्ठी सोडतीच्या डब्यात टाकी.

धनत्रयोदशीला दुपारी चारला सोडत होती. शेटांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली. "तुळसा गंगाराम भाटकर!"

मला आभाळ ठेंगणं झालं. पण तुळसाबाई आल्याच नव्हत्या. त्या दिवशी होडी उशिरा लागली होती, ताजी मासळी टाकून त्या येणार कशा? आणि कूपनाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, 'सोडतीच्या वेळी हजर असणं आवश्यक.' ते त्यांना कुणी वाचून दाखवलंच नव्हतं.

"दुसरी चिठ्ठी काढा!" लोक ओरडले. शेटांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला. या वेळी नाव निघालं बँकेतल्या नीरजा मॅडमचं, आणि त्या समोरच हजर होत्या.

तासाभराने तुळसाबाई धापा टाकत आल्या. दुकानापुढे कुणीच उरलं नव्हतं.

"कुणाचा नाव निगाला ओ शेट?"

शेटांनी उगाच एक तागा गुंडाळायला घेतला. "नीरजा मॅडमचं."

"माजा नाय निगाला?"

"नाही."

मी तिथेच होते. मला तोंड असतं तर!

"असू दे," असं म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

नीरजा मॅडमच्या घरी मी दीड वर्ष जिन्याखाली होते. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत. एका सकाळी शेट आले, फार वाळलेले. योजना संपली तशी गर्दी संपली होती, आणि दुकानही बंद झालं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. "ज्या बाईची ही मशीन आहे, तिला द्यायची आहे," ते म्हणाले. मॅडमनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

तुळसाबाईंच्या दारात शेटांनी आपलं खोटं कबूल केलं.

"माजा नाव निगाला होता, येवढा तवाच सांगितला असतात, तरी मी भांडून नेली असती मशीन. मी घरी येऊन सांगितला, आपला नशीबच नाय. दुसऱ्या दिवशी पोर कारखान्यात गेली."

शेट हात जोडून उभेच राहिले. त्यांना 'बसा' कुणी म्हणालं नाही. पण मला मात्र आत घेतलं.

रुचिरा संध्याकाळी कामावरून येते. गारठ्याने तिची बोटं सुजलेली असतात, नीट मिटत नाहीत. काल ती माझ्यापुढे बसली. सुईत दोरा ओवायला चारदा गेली, चारदा चुकली. मग माझ्यावर डोकं टेकून रडली.

दुकानदारांनो, बक्षिसं खुशाल ठेवा. पण अटी मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्या दारात कोण काय आशा घेऊन येतं, ते मी पाहिलं आहे.

आणि रुचिरा, घाई करू नकोस गो. बोटं शेकून घे. मी इथेच आहे.