एक हात आधी

धाकटी सकाळी एकतीस शतांशांनी मागे पडली, आणि चूक तिच्या हातापायांची नव्हती. शंभर मीटर एक मिनिट चौदा सेकंदांत पोहून काढले तर चार महिन्यांनंतरच्या जागतिक स्पर्धेसाठी देशाच्या संघात जागा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घड्याळाने दाखवलं एक चौदा एकतीस. आता उरली दुपारची अंतिम फेरी. त्यानंतर निवड बंद. वय चौतीस, पुढच्या खेपेला तिला कोण विचारतंय?

धाकटीला जन्मापासून दिसत नाही. आंधळी. हा शब्द ती स्वतःच वापरते. त्याऐवजी कुणी गुळमुळीत काही बोललं की विचारते, "जीभ का अडखळली तुमची?"

पाण्यात भिंत कळावी म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला स्पंजचा गोळा. पोहणारी जवळ आली की डोक्यावर टपली. टपली बसली की कोलांटी, पाय भिंतीवर, आणि सुटायचं. सुरुवातीच्या टोकाला तिला पोहणं शिकवणारे सर असायचे, वळणाच्या टोकाला ताई. ताई म्हणजे थोरली बहीण, बायकांचे कपडे शिवणारी. बारा वर्षं मशीन झाकून ठेवून येत होती.

कर्ण्यावरचा माणूस सकाळपासून "अंधारावर मात करणारी रणरागिणी" असलं काहीबाही बरळत होता. लोक टाळ्या पिटत होते. त्यांतल्या एकालाही तिला किती सेकंद हवेत ते ठाऊक नव्हतं. बाई बुडाली नाही, एवढ्यावरच त्यांना गहिवर!

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी ओल्या अंगानेच बाकावर बसली. ताईने पुढे केलेला टॉवेल तिने घेतला नाही.

"टपली लवकर मारलीस."

"नाही गं."

"ताई, पाय माझे आहेत. गुडघे दुमडून भिंतीवर बसायला हवे होते. ते सरळच्या सरळ गेले आणि अंगठे तेवढे टेकले. ढकलायचं कशाने, नखांनी?"

दाराबाहेरून सरांनी घसा खाकरला. "ताई, राग मानू नका. दुपारी वळणावर मी उभा राहतो, माझ्या जागी कुणीतरी बघू. वर्षभर तुम्ही लवकर मारताय. मी बोललो नाही, एवढंच."

"वर्षभर?" धाकटी ताडकन उठली. "आणि मी वर्षभर कोलांटीच्या नावाने स्वतःला शिव्या घालतेय!"

डोळसांचा हा कावा तिला लहानपणापासून ठाऊक होता. दोघांनी एकमेकांकडे बघायचं आणि तिला सांगायचं ते गिळून टाकायचं. वर त्याला माया म्हणायचं.

"गेल्या साली मी उशिरा मारली," ताई हळूच म्हणाली. "तुझं कपाळ फुटलं. सात टाके. ते रक्त तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. पाणी गुलाबी झालं होतं."

"मी नाही पाहिलं. पण दुखलं मलाच ना? जिला दुखलं ती बाराव्या दिवशी पाण्यात होती. आणि जिने पाहिलं ती वर्षभर घाबरून बसली! वा गं वा!"

"म्हणून म्हणतोय, बदलू," सर म्हणाले.

"नाही. हिच्या हाताची टपली माझ्या डोक्याला पाठ आहे. नवा हात तीन तासांत कळत नाही, सर." तिने हात पुढे करून ताईचं मनगट पकडलं. "काठी घे. सरावाच्या टाकीवर चल."

सरावाची टाकी लहान, पाणी जेमतेम गळ्याएवढं. धाकटी उतरली.

"आता काठी खाली ठेव. मी दहा वेळा भिंतीवर येणार. तू एकही टपली मारायची नाहीस. नुसतं बघायचं."

"वेड लागलंय का तुला? दुपारी शर्यत आहे!"

"म्हणूनच."

पहिल्या खेपेला तिच्या टाचा दगडी काठावर आदळल्या. दुसऱ्या खेपेला कोपर. तिसऱ्या खेपेला उजव्या हाताच्या पेरांची सालं निघाली.

"डोळे उघडे आहेत ना तुझे?"

"आहेत."

"खोटं. हा मिटलेल्या डोळ्यांचा आवाज आहे."

"मिटलेल्या डोळ्यांचा आवाज असतो होय?"

"तुझा असतो."

ताई रडता रडता हसली. मग तिने डोळे उघडले. चौथ्या खेपेला टाचेतून रक्त आलं, तेही तिने पाहिलं, आणि धाकटी पुन्हा निघालेली पाहिली. पाचव्या खेपेला ती रक्ताकडे बघतच नव्हती. कात्री चालवण्याआधी कापडाकडे बघावं तशी ती तळाकडे बघत होती. तळाशी काळी पट्टी भिंतीच्या जरा आधी आडवी होऊन संपते. डोकं त्या आडव्या पट्टीवर आलं की टपली, असा हिशेब. ताई वर्षभर हात पट्टीवर आला की मारत होती. एक हात आधी. मायेचं माप ते एवढंच, आणि तेवढ्यात एक अख्खी बाई घरी बसते.

सहाव्या खेपेला ताईने न सांगता काठी उचलली. टप्प. कोलांटी झाली, पाय भिंतीवर बसले.

"कशी?"

"बरी. अजून बोटभर उशिरा."

"बोटभर? मी काय बाही कापतेय?"

"बाही कापताना बोटभर चुकतेस का कधी?"

"छे!"

"मग?"

दुपारी आठ जणी उभ्या राहिल्या. शिट्टी, भोंगा, पाणी. धाकटीला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, फक्त स्वतःचा श्वास. चाळीस मीटरनंतर मान आपोआप आखडायला लागली. कपाळाला सात टाके आठवत होते. तिने वेग तसूभर कमी केला नाही. टपली आली नाही. अजून नाही. आता भिंत तोंडावर येणार असं वाटलं, तेवढ्यात टाळूवर बसली. टप्प! गुडघे छातीशी आले, दोन्ही तळवे भिंतीवर चपखल बसले, आणि सगळ्या वर्षाचा राग तिने त्या भिंतीला परत केला.

शेवटी सरांची टपली, मग हाताला भिंत. कर्ण्यावरच्या माणसाने आधी रणरागिणी वगैरे आळवलं, मग कुठे आकडा सांगितला. एक तेरा अठ्ठ्याऐंशी.

सर काठावर पालथे पडून तिचे खांदे गदागदा हलवत होते. धाकटीने ते सोडवून घेतले, वळली आणि आल्या वाटेने पुन्हा पोहत निघाली. पंचाने शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकल्या. "अहो बाई, बाहेर या! संपली शर्यत!"

त्या टोकाला टपली आलीच नाही. तिचा हात भिंतीवर आदळला.

"ताई?"

वरून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काठी कुठंय?"

"पडली हातातून."

"आकडा ऐकलास ना?"

"ऐकला."

"मग उचल ती. चार महिन्यांत मला आणखी दोन सेकंद कापायचेत."