बारा तास कोरडं

महाडच्या बाजारात आमचं दुकान आहे. दुकान नवऱ्याचं, दिलावरचं. पण डायपरचं कपाट माझं, कारण त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा वरच्या फळीवर एकच पुडा धूळ खात पडलेला असायचा. त्यावर निळ्या डोळ्यांचं गोरं पोर. असलं पोर अख्ख्या तालुक्यात कुणाला झालं नसेल, मग पुडा घेणार कोण? पुढे कंपन्यांना अक्कल आली. चित्रातली पोरं काळ्या केसांची झाली, आया साडीतल्या झाल्या, आणि हल्ली तर डायपर बदलताना बापही हसतो. ही मात्र शुद्ध थाप. चिकटपट्ट्या जाऊन चड्डीसारखे आले, मग शाम्पूच्या पुड्यांसारख्या एकेकाच्या माळा दारात लटकल्या. पोलादपूरकडच्या बायका एसटी पकडण्याआधी वाटेपुरता एक तोडून नेतात.

मग म्हाताऱ्यांचे आले. सुरुवातीला आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो, गिऱ्हाईकही मान खाली घालून न्यायचं. आता पुड्यावर डायपर हा शब्दच नसतो. पांढऱ्या केसांची बाई समुद्रकाठी चालत असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बारा तास कोरडं’.

माझी अम्मी, महरुन्निसा, तुडीलला माझ्या माहेरच्या घरी राहायची. भाऊ उबेद मस्कतला, त्याची बायको हुमेरा अम्मीजवळ. न्हाणीत घसरून अम्मीचं मांडीचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. तेव्हा मीच पुडा घेऊन गेले. तिने चित्र निरखून पाहिलं.

“ही हसते कशाला गो? हिला काय झालंय?”

“काय नाय झालं, म्हणूनच हसते.”

अम्मीही हसली. आम्हा भावंडांचे लंगोट तिने अब्बांच्या जुन्या लुंग्या फाडून केले होते. ते वाळत घालायला दोरी पुरत नसे म्हणाली. मग हळूच विचारलं, “ह्यात नमाज होते का?”

“कोरडं राहतं, अम्मी,” हुमेरा म्हणाली. “कंपनीच लिहिते.”

कंपनीचं कोरडं म्हणजे कातडीला ओल लागत नाही, एवढंच. जे झालं ते आतच साठून राहतं. अम्मी काही खुळी नव्हती, तिला हे दोन दिवसांत कळलं. अंगाला नापाकी बांधून अल्लापुढे कसं व्हायचं? आणि पाच वेळा सुनेला धुवायला कसं सांगायचं? तिने कुणालाच विचारलं नाही. तिने पाणी पिणं सोडलं.

हुमेराला दोष देणार नाही मी. ती उशाशी तांब्या भरून ठेवायची, तो रिकामा व्हायचा. पाणी खाटेलगतच्या खिडकीबाहेर जात होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. डायपरवर पिवळी पट्टी असते, ओल झाली की निळी होते. हुमेरा फोनवर उबेदला कौतुकाने सांगायची, “दुपार झाली तरी पट्टी पिवळीच हाय.”

“बेस्ट कंपनी हाय,” उबेद म्हणायचा. “हीच घेत जा.”

अम्मी बडबडायला लागली, जीभ लाकडासारखी झाली, तेव्हा तिला महाडला दवाखान्यात आणलं. सलाईनच्या बाटल्या चढल्या, पण बाहेर थेंब येईना. पाय सुजले, धाप लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दोन्ही किडन्या बंद पडल्यात, पुढे मोठ्या इस्पितळात हलवण्याजोगी ती राहिली नाही. “आता तोंडाने पाणी देऊ नका. ते फुप्फुसात भरतंय. ओठ तेवढे ओले करा.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती शुद्धीवर होती.

“पाणी का नाय प्यायलीस अम्मी? का?”

“प्यायलं की भिजतं. भिजलं की नमाज जाते.”

मला असा राग आला की रडूच फुटलं. असला प्रश्न बाप्या माणसाला कसा विचारायचा, म्हणून आमच्या घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं. मी तिथूनच मौलवींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि भर वॉर्डात, शेजारचे पेशंट ऐकत असताना, सगळं उघड विचारलं.

मौलवींना विचार करावाच लागला नाही, ते थेट अम्मीशीच बोलले. “आजाऱ्याला माफ आहे, खाला. थांबत नसेल तर नमाजेच्या वेळेला हातपाय-तोंड धुऊन वजू करायचा आणि पढायची. भिजलं तरी नमाज होते. पाणी तोडून जिवाला त्रास द्यायचा नाही.”

अम्मी डोळे मिटून ऐकत होती. फोन बंद झाल्यावर तिने विचारलं,

“खरंच होते?”

“खरंच होते, अम्मी.”

कित्येक दिवस आवळून धरलेला तिचा चेहरा सैल पडला. तिने डोळे उघडले आणि माझा हात चाचपला.

“मग दे गो पाणी. तहान लागलीय.”

मी कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि तिच्या ओठांवरून फिरवला. तिने तो ओठांत धरला. मी ओढला, तर सोडेना.